सूर्यशक्तीवरील बिनतारी संच आणि त्याची बंद बॅटरी
(महोत्सवी व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



ज्या व्यासपीठावरून साहित्य, इतिहास आणि समाजकारण यांवर विद्वानांची व्याख्याने होत आली, तेथून एका काळ्या, जड आणि मुक्या पेटीविषयी कोणी बोलावे, हे काहींना चमत्कारिक वाटेल. परंतु आम्ही पडलो विज्ञान शिकविणारे मास्तर. आणि या विषयास निमित्तही तसेच घडले आहे. संस्थेच्या वसतिगृहाच्या गच्चीवर सूर्यप्रकाशावर चालणारा बिनतारी संच बसवावा, अशी सूचना या वर्षी पुढे आली आहे. देणगी देऊ इच्छिणारेही आहेत. सूचना उत्तम आहे, याविषयी दुमत नाही. मात्र ती अमलात येण्यापूर्वी, जिच्यावर त्या संचाचा सगळा भार पडावयाचा त्या बॅटरीची आपण सर्वांनी नीट ओळख करून घ्यावी, एवढाच आजच्या बोलण्याचा हेतू आहे.

प्रथम कोणी विचारील की, घरोघर मोबाइल असता हा संच हवाच कशाला? याचे उत्तर आपल्या जिल्ह्यानेच दिले आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णा, घटप्रभा आणि मलप्रभा या तिन्ही नद्या एकदम फुगल्या आणि बेळगाव जिल्ह्यात हजारो कुटुंबांना घरदार सोडावे लागले. मलप्रभा उगम पावते ती खानापूर तालुक्यातील कणकुंबीस. तेथला पाऊस कसा असतो हे आपणांस सांगावयास नको. अशा दिवसांत आधी वीज जाते. मग मोबाइलच्या मनोऱ्यांखालच्या बॅटऱ्या आणि डिझेल संपते, आणि हातातला फोन मुका होतो. परवानाधारक हौशी बिनतारी चालकाचा संच त्या वेळी कोणत्याही मनोऱ्यावाचून दुसऱ्या संचाशी बोलू शकतो. कोठे किती माणसे अडकली आहेत, औषध कोणते हवे, नाव कोठे पाठवावी, हे सांगण्याचे ते एक साधन उरते. पण त्या रात्री बॅटरीच रिकामी निघाली, तर संच असून नसल्यासारखा. म्हणून प्रश्न केवळ यंत्राचा नाही; भरवशाचा आहे.

शिसे आणि गंधकाम्ल यांची ही बॅटरी काही नवी नाही. प्लांते नावाच्या फ्रेंच शास्त्रज्ञाने ती १८५९ मध्ये सिद्ध केली. आपल्याकडे ज्या खेड्यांत वीज पोचली नव्हती, तेथे रेडिओसाठी अशीच बॅटरी वापरात असे, आणि ती चार्ज करून आणण्यासाठी मोटारीच्या टपावरून तालुक्याच्या गावी जाई. त्या बॅटरीची बुचे उघडत असत, पाणी कमी झालेले दिसत असे, आम्लाचा वास येत असे. तिची भीती वाटे, म्हणून तिची काळजीही घेतली जाई.

आज मिळते ती 'सीलबंद' बॅटरी. हिला बुचे नाहीत, पाणी घालावयाचे नाही. दुकानदार सांगतो, 'बसवा आणि विसरा.' सगळा घोटाळा या एका वाक्यात आहे. दृष्टीआड सृष्टी म्हणतात, त्यातलाच हा प्रकार. बुचे गेली म्हणून आम्ल गेले नाही. ते काचेच्या तंतूंच्या मऊ गादीत शोषून ठेवलेले असते, किंवा खळीसारखे घट्ट केलेले असते. चार्जिंगच्या वेळी धन पट्टीवर प्राणवायू निर्माण होतो. तो गादीतील बारीक पोकळ्यांतून ऋण पट्टीपर्यंत जातो आणि तेथे त्याचे पुन्हा पाणी होते. पाणी घालावे लागत नाही ते यामुळे. पण ही क्रिया आपल्या गतीनेच चालते. चार्जिंगचा दाब प्रमाणाबाहेर गेला, तर वायू निर्माण होण्याचा वेग त्याचे पाणी होण्याच्या वेगापेक्षा वाढतो, पेटीतला दाब वाढतो आणि वरची छोटी रबरी झडप उघडून प्राणवायू व हायड्रोजन बाहेर पडतात. एकदा गेलेले पाणी परत घालण्याची सोय या बॅटरीत नाही. म्हणजे जुनी बॅटरी चूक सहन करीत होती; ही बंद बॅटरी चूक साठवून ठेवते.

आता व्यवहाराकडे वळू. बारा व्होल्टची म्हणून आपण जी बॅटरी आणतो, तिच्यात दोन-दोन व्होल्टचे सहा घट असतात. ती पूर्ण भरलेली असून काही तास स्वस्थ ठेवली, तर मीटरवर सुमारे १२.८ ते १३ व्होल्ट दिसतात. १२.२ च्या आसपास आकडा आला म्हणजे निम्मी संपली असे समजावे, ११.८ म्हणजे जवळजवळ रिकामी. चार्ज करताना सामान्यतः १४.४ ते १४.७ व्होल्टपर्यंत न्यावे आणि भरल्यावर १३.५ ते १३.८ वर धरून ठेवावे, असा पंचवीस अंश सेल्सियस उष्णतेसाठी हिशेब आहे. प्रत्येक बनावटीत थोडा फरक असतो. म्हणून बॅटरीच्या अंगावर छापलेला आकडा हाच प्रमाण मानावा.

सोलर प्लेटला मात्र यातले काही कळत नाही. बारा व्होल्टची म्हणून विकली जाणारी छत्तीस घटांची प्लेट भर उन्हात मोकळी ठेवली, तर एकवीस-बावीस व्होल्ट दाखविते. ती सरळ बॅटरीला जोडणे म्हणजे उन्हाळ्यातल्या रोज दुपारी बॅटरीस थोडे थोडे शिजविणे होय. म्हणून मध्ये चार्ज कंट्रोलर पाहिजेच, आणि त्यावर 'सीलबंद' हाच प्रकार निवडलेला असला पाहिजे. पाण्याच्या बॅटरीसाठी अधूनमधून दाब मुद्दाम चढविण्याची जी सोय काही कंट्रोलरांत असते, ती येथे बंद ठेवावी. जोडताना आधी बॅटरी कंट्रोलरला जोडावी, मग प्लेट. सोडविताना आधी प्लेट सोडवावी, मग बॅटरी. हा क्रम भिंतीवर लिहून ठेवण्याजोगा आहे.

बिनतारी संचाच्या बाबतीत येथेच एक खास अडचण उभी राहते, आणि तिच्याकडे आम्ही आपले विशेष लक्ष वेधू इच्छितो. कंट्रोलर आतल्या आत प्रवाहाची फार वेगाने उघडझाप करीत असतो. त्याची खरखर संचात ऐकू येते. दूरचा क्षीण आवाज ऐकू पाहणारा चालक वैतागतो, आणि कोणी तरी सल्ला देतो की, कंट्रोलर काढून टाका, प्लेट सरळ बॅटरीला लावा. एका गावच्या केंद्रावर असे केलेले आम्ही पाहिले आहे. खरखर थांबली, सर्वांना आनंद झाला. दोन उन्हाळी महिने लोटल्यावर बॅटरीच्या बाजू पोटासारख्या फुगल्या होत्या, आणि खोलीत सडक्या अंड्यासारखा वास येत होता. तो वास गंधकयुक्त विषारी वायूचा असतो. असा वास येताच चार्जिंग थांबवावे, खिडक्या उघडाव्यात आणि माणसांनी बाहेर पडावे. दुखणे रेड्याला आणि औषध पखालीला, असा हा उपाय होता. खरखरीवर खरे उपाय निराळे आहेत. कंट्रोलर संचापासून व एरियलपासून दूर ठेवावा. जाणारी व येणारी तार एकमेकींत पिळून घ्यावी. तारांवर फेराइटची कडी चढवावीत. इतके करूनही ऐकू येईना, तर प्लेटच्या तारेत एक बटण बसवून, महत्त्वाचा संदेश ऐकण्यापुरती प्लेट तोडावी आणि काम होताच पुन्हा जोडावी. प्लेट तोडल्याने काही बिघडत नाही. कंट्रोलर वगळल्याने सर्व बिघडते.

उष्णता हा दुसरा शत्रू. पंचवीस अंशांच्या वर दर दहा अंशांमागे या बॅटरीचे आयुष्य साधारण निम्मे होते, असा ठोकताळा आहे. पाच वर्षे टिकणारी बॅटरी गच्चीवरच्या पत्र्याच्या खोक्यात पंचेचाळीस अंशांवर कायम ठेवली, तर सव्वा वर्षही धड जावयाची नाही. शिवाय बॅटरी जितकी तापेल, तितका चार्जिंगचा दाब कमी हवा. दर अंशामागे व्होल्टचा दोन ते तीन शतांश, म्हणजे दहा अंशांमागे पाव व्होल्टच्या आसपास दाब उतरविला पाहिजे. तसे न केल्यास तापलेली बॅटरी अधिक प्रवाह ओढते, अधिक प्रवाहाने अधिक तापते, आणि हे चक्र तिच्या नाशाशीच थांबते. म्हणून उष्णता मोजणारी तार असलेला कंट्रोलर घ्यावा आणि ती तार बॅटरीच्या अंगाला चिकटवावी. प्लेट गच्चीवर असू द्या. बॅटरी मात्र खालच्या मजल्यावर, उत्तरेकडच्या सावलीच्या खोलीत, पुराचे पाणी पोचणार नाही इतक्या उंचीवर ठेवावी.

खोलीला हवा पाहिजे, हे तिसरे. हवेत हायड्रोजन शेकडा चार झाला की एक ठिणगी पुरते. बॅटरी चांगली असताना वायू अगदी थोडा निघतो हे खरे. पण आपण व्यवस्था करावयाची ती बिघाडाच्या दिवसासाठी. बॅटरी घट्ट झाकणाच्या ट्रंकेत किंवा प्लास्टिकच्या डब्यात कधीही कोंडू नये. चोरीच्या भीतीने पेटी हवीच असेल, तर तिला खाली व वर जाळीची भोके ठेवावीत. बॅटरी उलटी ठेवून चार्ज करू नये. त्या कोपऱ्यात उदबत्ती, मेणबत्ती, विडी यांस मज्जाव असावा.

आता फ्यूजविषयी. बॅटरी छोटी म्हणून तिला कमी लेखू नये. तिच्या दोन टर्मिनलांवर लोखंडी पाना आडवा पडला, तर शेकडो अँपिअर प्रवाह क्षणात वाहतो, पाना तापून लाल होतो आणि बोटात अंगठी असेल तर बोट भाजून निघते. म्हणून काम करताना अंगठी, घड्याळ, बांगडी काढावी, पान्यास चिकटपट्टी गुंडाळावी आणि डोळ्यांस चष्मा असावा. फ्यूज बसवावयाचा तो धन टर्मिनलपासून वीतभर अंतरात. पुष्कळ ठिकाणी तो संचाजवळ बसवितात. मधली दहा मीटर तार कोठे उंदराने कुरतडली, तर संचाजवळच्या फ्यूजला त्याचा पत्ताही लागत नाही. आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी. फ्यूज तारेच्या रक्षणासाठी असतो हे लक्षात ठेवले, म्हणजे त्याची जागा आपोआप समजते. बॅटरीतून जितक्या तारा निघतील तितके फ्यूज हवेत. एक संचाकडे, एक कंट्रोलरकडे. आणि जळालेल्या फ्यूजच्या जागी तांब्याची तार गुंडाळण्याची आपली जी सार्वत्रिक विद्या आहे, ती येथे तरी चालवू नये.

तार जाड घ्यावी. एक चौरस मिलिमीटर तांब्याच्या तारेतून दहा मीटर दूरच्या संचास पाच अँपिअर पाठविले, तर जाऊन-येऊन वीस मीटरांत पावणेदोन व्होल्ट वाटेतच खर्ची पडतात; आणि बॅटरी भरलेली असूनही बोलावयाचे बटण दाबताच संच बंद पडतो. तीच तार सहा चौरस मिलिमीटरची घेतली, तर हा तोटा तीन दशांश व्होल्टांवर येतो.

आता बॅटरी केवढी घ्यावी? समजा, आपला संच ऐकताना ०.४ अँपिअर आणि बोलताना ५ अँपिअर घेतो. दिवसात एक तास बोलणे आणि तेवीस तास ऐकणे धरले, तर ९.२ आणि ५ मिळून १४.२ अँपिअर-तास रोज लागतील. आपल्याकडे आषाढात तीन दिवस सूर्यदर्शन होत नाही, हे गृहीतच धरावे. तीन दिवसांचे झाले ४२.६. बॅटरी निम्म्याहून अधिक रिकामी करू नये म्हणून याची दुप्पट करावी. म्हणजे ८५ झाले. तेव्हा शंभर अँपिअर-तासांची बॅटरी घ्यावी. प्लेटसाठी पावसाळी दिवसात कडक उन्हाइतका प्रकाश दोनच तास मिळतो असे धरले आणि पाचवा हिस्सा वाया जातो असे मानले, तर सुमारे नऊ अँपिअर देणारी, म्हणजे दीडशे-एकशे साठ वॅटची प्लेट लागेल. संच निराळा असेल तर आकडे निराळे येतील, रीत हीच. छोट्या बॅटरीवर मोठा संच लावून मोकळे होणाऱ्यांनी आणखी एक ध्यानात ठेवावे. सात अँपिअर-तासांची बॅटरी हा शब्द पाळते तो वीस तासांत सावकाश रिकामी केली तर. एकदम सात अँपिअर ओढले, तर ती तासभरही पुरत नाही.

रिकामी बॅटरी तशीच ठेवणे हा तिचा सर्वांत सामान्य मृत्यू होय. पट्ट्यांवर शिशाच्या लवणाचे कठीण खडे धरतात आणि मग ती पूर्ववत भरत नाही. यासाठी दाब फार उतरताच संच आपोआप तोडणारी व्यवस्था ठेवावी. वापर नसला तरी महिन्यातून एकदा ती पूर्ण भरलेली आहे याची खात्री करावी. लांबलेल्या पावसात ऊन पुरत नसेल, तर सीलबंद बॅटरीसाठीच असलेल्या चार्जरने विजेवर भरून घ्यावी. पूर आल्यावर चार्जर शोधणे म्हणजे वरातीमागून घोडे. जुनी आणि नवी बॅटरी एकत्र जोडू नये. जुनी नवीला आपल्या वयाची करून सोडते. आणि पुढेमागे लिथियमची बॅटरी आणण्याचे ठरले, तर कंट्रोलरची मांडणी बदलल्यावाचून ती या जागी ठेवू नये.

शेवटी या बॅटरीच्या मरणानंतरची गोष्ट. आणि आम्हांस ती सर्वांत महत्त्वाची वाटते. निकामी बॅटरीत किलोगणती शिसे असते, म्हणून भंगारवाला पैसे मोजून ती नेतो. पुष्कळदा ती परसात कुऱ्हाडीने फोडतात, आम्ल गटारात ओततात आणि शिसे उघड्या भट्टीवर वितळवितात. त्याचा धूर व धूळ शेजारच्या अंगणात बसते. तेथे खेळणाऱ्या मुलांच्या बोटांवाटे ते शिसे पोटात जाते आणि वाढत्या मेंदूवर आघात करते. झालेली हानी पुढे भरून निघत नाही. आम्ही वर्गात बसणाऱ्या मुलांकडे रोज पाहतो. एखाद्याचे लक्ष लागत नाही, आठवत नाही, यामागे असे काही असेल का, हा विचार मास्तराला अस्वस्थ करतो. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनी वापरलेल्या बॅटऱ्या गोळा करून पुनर्वापरास पाठविण्याची जबाबदारी उत्पादकांवर घातली आहे. तेव्हा जुनी बॅटरी विक्रेत्यालाच परत द्यावी आणि पावती घ्यावी. भंगारात चार पैसे जास्त मिळाले, तरी एका धर्मादाय संस्थेने ते स्वीकारू नयेत, अशी आमची नम्र सूचना आहे.

आम्ल अंगावर उडाल्यास भरपूर पाण्याने धुवावे. डोळ्यांत गेल्यास निदान पंधरा मिनिटे स्वच्छ पाण्याची धार धरावी आणि लगेच डॉक्टरांकडे जावे. खोलीत पाण्याची भरलेली बादली असलीच पाहिजे.

विश्वस्त मंडळींपुढे आम्ही एवढीच विनंती ठेवितो. संच, प्लेट आणि बॅटरी यांसाठी देणगी मिळेल, कारण त्यावर पाटी लागते. बॅटरी पाहण्याच्या कामावर पाटी लागत नाही, म्हणून ते काम कोणाचेच होत नाही. तेव्हा खरेदीपूर्वी दोन गोष्टी ठरवाव्यात. एक, या बॅटरीचा सांभाळ करणारे दोन माणसांचे नाव. एक गावाला गेला तर दुसरा असावा. दुसरी, आठ आण्यांची म्हणत असू तशी एक साधी वही. तिच्यात दर रविवारी सकाळी, ऊन चढण्यापूर्वी, तारीख, व्होल्ट, खोलीची उष्णता, आणि 'फुगवटा, गंज, वास आहे की नाही' एवढे लिहावे. चार-चार वर्षांनी नवी बॅटरी घ्यावी लागणार, म्हणून तिच्या किमतीचा चौथा हिस्सा दरवर्षी बाजूस ठेवावा. वसतिगृहातील वरच्या वर्गांतील मुलांमुलींना मीटर धरावयास शिकविण्याचे काम आम्ही आनंदाने पत्करतो. ज्या दिवशी मलप्रभेला पाणी चढेल, त्या दिवशी देणगीदाराचे नाव कोणी वाचणार नाही. वहीतला गेल्या रविवारचा आकडा मात्र सर्वजण विचारतील. तो १२.८ असावा, एवढी काळजी आपण आजपासून घेऊ या.